कार्डावरचं उत्तर

क्लिफर्ड हॉरॉक्सला एका जागी बसवायचं म्हणजे त्याला खुर्चीला बांधूनच ठेवावं लागलं असतं. एकतीस वर्षं तो आमच्या रॉथरशॉ गावच्या बसगाड्यांवर तिकीट तपासनीस होता. एका बसमधून उतरायचं, दुसरीत चढायचं, उभ्याउभ्या तिकिटं बघायची, यात त्याची हयात गेली. पुढे तो निवृत्त झाला, पण ही बातमी त्याच्या पायांपर्यंत कधी पोचलीच नाही. माझ्या पबमध्ये यायचा तोही उभ्यानंच प्यायला. अर्धा ग्लास माइल्ड बिअर घ्यायची, दोन घोट प्यायचे, मग खिडकीशी जायचं, मग बाण मारायच्या फळ्याशी, मग परत काउंटरशी. खिशात किल्ल्या खुळखुळत असायच्या. "अरे बाबा, माझी फरशी झिजेल," असं मी आठवड्यातून तीनदा तरी म्हणत असेन.

मी डोरीन. 'वीव्हर्स' हा पब मी आणि माझा नवरा फ्रँक तीस वर्षं चालवतोय. म्हणजे चालवते मी. फ्रँक तळघरात पिंपांजवळ असतो आणि चौथ्या हाकेला ओ देतो. दर मंगळवारी संध्याकाळी आमच्याकडे क्विझ होते. इतिहास, साहित्य, संगीत, पेयं आणि सिनेमा अशा पाच फेऱ्या, आणि पेयं झाली की सिनेमाच्या आधी खिम्याचे 'मीट-पाय' आणि वाटाणे. प्रश्न काढणारा, वाचणारा आणि निकाल देणारा एकटा क्लिफर्ड.

त्याच्याकडे बुटांचे सात खोके होते आणि त्यांत कार्डं. हिरव्या शाईनं एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. शंभर वर्षांचं म्हणतात ते युद्ध खरं किती वर्षं चाललं? एकशे सोळा. पेरी नावाची दारू कुठल्या फळाची? नासपतीची. चेलोला तारा किती? चार. सॉनेटच्या ओळी किती? चौदा. त्याला काहीही विचारा, उत्तर तयार. जिनला चव कशाची हे तो झोपेत सांगेल, पण आयुष्यात जिनचा थेंब त्यानं ओठाला लावला नाही. चेलो तर त्यानं लांबूनही बघितला नसेल. मला कधीकधी त्याचा राग यायचा. जगातल्या सगळ्या गोष्टींचा पत्ता माहीत, आणि हा माणूस गावाच्या शेवटच्या स्टॉपपुढे कधी गेला नाही.

त्याचे नियम तीन. आपला कागद आपण तपासायचा नाही, शेजारच्या टेबलाला द्यायचा. हरकत घ्यायची तर पुढच्या फेरीचा पहिला प्रश्न वाचायच्या आत घ्यायची, नंतर देवाचीही ऐकली जाणार नाही. आणि कार्डावर जे लिहिलंय तेच उत्तर.

हा तिसरा नियम आमच्याकडे सगळ्यांच्या अंगी इतका मुरला होता की मुरलेले खेळाडू खरं उत्तर लिहायचेच नाहीत, क्लिफर्डचं उत्तर लिहायचे. श्रीलंकेला श्रीलंका म्हणायला लागून चौदा वर्षं झाली होती, तरी चहाच्या प्रश्नाला सगळा पब मुकाट्यानं 'सिलोन' लिहायचा. एकदा एक नवा मास्तर आला होता, त्यानं 'श्रीलंका' लिहिलं. चूक. बिचारा शाळेत भूगोल शिकवत होता.

आता विल्फबद्दल सांगायला हवं. विल्फ टॅटर्सल आणि क्लिफर्ड शाळेत एका बाकावर बसायचे. पुढे एक बसमध्ये चढला आणि एक जहाजावर. विल्फ व्यापारी जहाजांवर चौदा वर्षं आचारी होता, आणि प्रत्येक बंदरातून क्लिफर्डला पोस्टकार्ड टाकायचा. इथं घोडीच्या दुधाची दारू मिळते, इथं कॉफीत मीठ घालतात, असलं काहीबाही. क्लिफर्ड ते हिरव्या शाईनं उतरवून घ्यायचा. त्या सात खोक्यांतला एक अख्खा खोका विल्फच्या पायपिटीचा होता म्हणा ना. जहाज सोडल्यावर विल्फनं हिल्डाशी लग्न केलं, आणि हिल्डानं 'दीडशहाणे' नावाची टीम काढली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, बोलायला फटकळ आणि हसायला मोकळी. गाण्यांत आणि सिनेमात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गावातल्या पबांची मिळून एक लीग होती, तिची फायनल दर मार्चमध्ये आमच्याकडे व्हायची आणि जिंकणाऱ्या टीमला कप मिळायचा. दीडशहाणे वीस वर्षांत सहा वेळा दुसरे आले. पहिले कधीच नाही.

१९८८च्या फायनलला हिल्डा डोक्याला रुमाल बांधून आली. का, ते सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कुणी नव्हतं. गाण्यांची फेरी तिनं एकटीनं मारली. पेयांच्या फेरीला दीडशहाणे आणि टपालवाल्यांची टीम बरोबरीत होत्या. चौथा प्रश्न होता, टकीला ही मेक्सिकोची दारू कशापासून काढतात?

मी काउंटरमागे ग्लास पुसत होते. हिल्डा आणि विल्फ डोक्याला डोकं लावून कुजबुजताना मला दिसले. ती पेन्सिल कागदावर टिचक्या मारत काहीतरी सांगत होती, तो मान हलवत होता. मग त्यानं लिहिलं.

"उत्तर, निवडुंग," फेरी संपल्यावर क्लिफर्डनं माइकवर वाचलं.

विल्फ उभा राहिला. "घायपात. निवडुंग वेगळा आणि घायपात वेगळी. आमचं जहाज तिकडं तीन आठवडे अडकलं होतं, तेव्हा मी शेतं पाहिलीत तिची. पात्या छाटतात आणि मधला गड्डा भाजतात."

"कार्डावर निवडुंग आहे."

"मग कार्ड चुकलंय."

"डोरीन," क्लिफर्ड माझ्याकडे वळला, "तुझ्याकडे बाटली असेल ना एखादी?"

होती. सर्वांत वरच्या फळीवर, धुळीनं माखलेली, नाताळात कुणीतरी फुशारकीनं मागितली तर असावी म्हणून ठेवलेली. मी स्टुलावर चढून ती काढली, फडक्यानं पुसली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. लेबलवर हिरवागार निवडुंग, हात वर केलेल्या पोलिसासारखा, आणि त्याच्या बाजूला मोठी टोपी घातलेला माणूस.

"ही बाटली तुझ्यापेक्षा जास्त दिवस मेक्सिकोत राहिलीय रे विल्फ," टपालवाल्यांतला कुणीतरी म्हणाला, आणि अख्खा पब हसला. मीही हसले. हे सांगताना आजही माझं तोंड कडू होतं.

विल्फ अजून उभाच होता, आणि क्लिफर्डनं मीट-पाय यायच्याही आधी सिनेमाच्या फेरीचा पहिला प्रश्न वाचून टाकला. हरकतीची वेळ संपली. टपालवाले अर्ध्या गुणानं जिंकले. जाताना हिल्डा काउंटरशी आली, क्लिफर्डच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे रे, पुढच्या वर्षी बघू." जूनमध्ये ती गेली.

तिच्या अंत्ययात्रेला क्लिफर्ड आला नाही असं गाव म्हणतं. ते खरं नाही. तो चर्चसमोरच्या बसस्टॉपवर काळा कोट घालून उभा होता. तीन बस आल्या आणि गेल्या. एकीतही तो चढला नाही आणि रस्ताही ओलांडला नाही. विल्फनं त्याला पाहिलं का, मला माहीत नाही. पण त्यानंतर विल्फनं 'वीव्हर्स'चा उंबरा ओलांडला नाही. एकदा बाजारात भेटला तेव्हा मी विचारलं, तर म्हणाला, "त्या माणसाच्या प्रश्नाला मी आता उत्तर देणार नाही." पन्नास वर्षांची मैत्री, आणि कशावरून, तर जी दारू आमच्या गावात कुणी पीत नाही तिच्यावरून.

सहा वर्षं अशीच गेली.

मग १९९४च्या मे महिन्यात क्लिफर्डनं एकाएकी पेयांची फेरी बंद केली. कारण नाही, काही नाही. त्या जागी त्यानं नद्या आणि राजधान्या घातल्या. लोक वैतागले. "पबमध्ये बसून दारूचा एक प्रश्न नाही, आणि मी इथं ॲमेझॉनमध्ये पोहतोय," असं एकानं ऐकवलं. क्लिफर्डचं लक्ष नव्हतं. प्रश्न वाचताना मध्येच थांबायचा. एकच प्रश्न दोनदा विचारायचा. किल्ल्यांचा आवाज तर इतका वाढला की मी एकदा त्या त्याच्याकडून काढूनच घेतल्या, तर त्यानं काउंटरवर बोटं वाजवायला सुरुवात केली.

त्याची बहीण ईनिड त्याच्याबरोबर राहते. ती एक दिवस कोंबडी घ्यायला आलेल्या बाईच्या घाईनं आत शिरली आणि म्हणाली, "डोरीन, याला काय झालंय ते तूच विचार. घरात नुसता जिने चढतोय-उतरतोय. जेवताना काटा खाली ठेवून उठतो, दारापर्यंत जातो, परत येतो. काल मी म्हटलं, बाबा रे, दारात कुणी आलंय का? तर म्हणतो, अजून नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला पब रिकामा असताना तो आला. मी त्याचा अर्धा ग्लास भरला, पण त्याच्या हातात दिला नाही.

"आधी सांग. मग पी."

तो खिडकीशी गेला, फळ्याशी गेला, परत आला. मग पाकिटातून घडी घालून घालून फाटायला आलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. एप्रिलमध्ये निवृत्त लोकांची बसची सहल एका मोठ्या बागेत गेली होती, आणि हाही जन्मात पहिल्यांदा गावाबाहेर पडला होता. तिथल्या काचघरात एका झाडाखाली पाटी होती, आणि ती याच्या सवयीप्रमाणे यानं उतरवून घेतली होती. घायपात. ही निवडुंगाच्या कुळातली नाही. मेक्सिकोत हिच्या गड्ड्यापासून टकीला काढतात.

"मला वाटलं पाटी चुकलीय," तो म्हणाला. "मग लायब्ररीत गेलो. तीन पुस्तकं काढली. तिन्हींत घायपात."

"आणि तुझं कार्ड?"

"कुठल्याशा साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावरून उतरवलं होतं."

"विल्फनं डोळ्यांनी पाहिलेलं सोडून?"

 मी कागदाची परत घडी घातली. मला बाटली आठवली. ती अजून तिथंच होती, वरच्या फळीवर, आणि मी मान वर करायला तयार नव्हते.

"कधीची गोष्ट ही?"

"आज सदतिसावा दिवस."

"तर मग जा आणि सांग त्याला. मी चुकलो म्हणायचं. दोन शब्द आहेत, क्लिफर्ड."

"एकतीस वर्षांत मी ते कुणाला म्हणालो नाही गं." तो हे फुशारकीनं म्हणाला नाही, अगदी रडकुंडीला येऊन म्हणाला. "तपासनीस एकदा चुकलो म्हणाला ना, की दुसऱ्या दिवशी बसमध्ये कुणी तिकीट दाखवत नाही. आणि इथं तर काय, एक कप गेला असता तर मी म्हटलंही असतं. पण तिचा तो शेवटचा होता. ते मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"याच तोंडानं. दुसरं आहे का तुझ्याकडे?"

त्यानं बिअर प्यायलीच नाही. तसाच गेला.

त्यानंतर सगळा उन्हाळा तो विल्फच्या गल्लीत चकरा मारत होता. या टोकाकडून त्या टोकाकडे, आणि परत. विल्फच्या दाराशी चाल मंदावायची, मग जोरात. विल्फच्या शेजारणीला वाटलं नगरपालिकेचा माणूस आहे, तिनं ईनिडला विचारलं की रस्ता रुंद करणार आहेत की काय. त्यानं चिठ्ठ्याही लिहिल्या. ईनिडला कचऱ्याच्या डब्यात एकोणीस सापडल्या, सगळ्या 'प्रिय विल्फ'पर्यंतच्या. मला त्याची कीव यायची आणि त्याला दोन लगावाव्या असंही वाटायचं. मोठा माणूस, पांढरे केस, आणि एका घंटीला बोट लावायची हिंमत नाही.

सप्टेंबरात बातमी आली. विल्फनं घर विकलं. त्याची मुलगी न्यूझीलंडला असते, तिच्याकडे कायमचा निघाला. गुरुवारी विमान. ही बातमी मी क्लिफर्डला शनिवारी सांगितली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यासमोर हललाच नाही. जागच्या जागी उभा. किल्ल्या गप्प.

"मंगळवारी क्विझ आहे," तो शेवटी म्हणाला.

"आहे ना. मग?"

"सगळ्यांसमोर चुकलो, तर सगळ्यांसमोरच सांगितलं पाहिजे. पण तो येणार नाही."

"ते माझ्यावर सोड," मी म्हटलं, आणि म्हणून बसले तेव्हा कसं ते मला अजिबात माहीत नव्हतं.

रविवारी मी विल्फकडे गेले. घरात खोकीच खोकी, आणि तो वर्तमानपत्रात पातेली गुंडाळत बसला होता. आचाऱ्याची पातेली, त्यांतलं एकही सोडून जायला तयार नाही.

"आमच्या भिंतीवर दीडशहाण्यांचा फोटो आहे," मी म्हटलं. "हिल्डा मध्ये बसलीय तो. तुला नको का?"

"हवा. फ्रँकच्या हाती पाठव."

"स्क्रूनं बसवलाय. फ्रँक मंगळवारी संध्याकाळी काढणार आहे. त्याआधी त्याला वेळ नाही."

"फ्रँकला वेळ नाही?" विल्फनं माझ्याकडे असं बघितलं की मी खोक्यांकडे बघायला लागले. "आणि मंगळवारी तो असणार."

"असेल. अजून किती दिवस रागावून राहणार आहेस त्याच्यावर?"

विल्फनं एक झाकण गुंडाळलं, ते सोडवलं आणि परत गुंडाळलं.

"मी त्याच्यावर रागावलोय असं तुला वाटतं?"

"सगळ्या गावाला वाटतं."

"वाटू दे गावाला," तो म्हणाला, आणि त्यानं पुढचं पातेलं उचललं.

मंगळवारी साडेसातपासून माझा जीव टांगणीला. दोन ग्लास फोडले. फ्रँकला मी स्क्रूड्रायव्हर दिला आणि सांगितलं, मी खूण करेपर्यंत भिंतीला हात लावलास तर बघ. क्लिफर्ड इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि येरझाऱ्या इतक्या चालल्या होत्या की लोकांनी त्याच्या वाटेतल्या खुर्च्या आपणहून बाजूला केल्या. इतिहासाची फेरी झाली. साहित्याची झाली. विल्फ नाही. संगीताच्या सहाव्या प्रश्नाला दार उघडलं.

तो प्रवासाच्या नव्या कोटात होता.  क्लिफर्डनं प्रश्न पुरा वाचला, पण मधोमध थांबून. विल्फ त्याच्याकडे न बघता काउंटरच्या टोकाशी येऊन बसला.

"फोटो?"

"फ्रँक काढतोय," मी म्हटलं. फ्रँक भिंतीसमोर पुतळ्यासारखा उभा होता. मी विल्फपुढे बिअर ठेवली, आणि काही न बोलता उत्तरांचा एक कोरा कागद आणि पेन्सिलही ठेवली. त्यानं पेन्सिल बाजूला सारली. थोड्या वेळानं जवळ ओढली. मग कागदाच्या वरती 'दीडशहाणे' असं लिहिलं. वीस वर्षांची सवय हातातून जात नाही.

"चौथी फेरी," क्लिफर्ड माइकवर म्हणाला. "पेयं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, एकानं शिट्टी मारली. कशासाठी फेरी परत आली ते माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. पहिला प्रश्न सायडरचा, दुसरा जिनचा, तिसरा पेरीचा. चौथ्याच्या आधी त्यानं माइक या हातातून त्या हातात घेतला.

"चौथा. टकीला ही मेक्सिकोची दारू कशापासून काढतात?"

जुन्या लोकांनी माना वर केल्या. टपालवाल्यांच्या टेबलावर कुणीतरी खाकरलं. मी विल्फकडे बघितलं. त्याचा चेहरा दगड. मग तो वाकला आणि लिहू लागला.

दहा प्रश्न झाले, कागदांची अदलाबदल झाली. विल्फ एकटा, शेजारी टेबल नाही, म्हणून त्याचा कागद माझ्याकडे आला. मी कानामागचं पेन काढलं. क्लिफर्ड उत्तरं वाचू लागला. सायडर, सफरचंद. जिन, ज्युनिपर झाडाची बोरं. पेरी, नासपती.

"चौथं उत्तर." तो थांबला.  "घायपात."

त्यानं कार्ड खाली ठेवलं.

"सहा वर्षांपूर्वी इथंच उभं राहून मी निवडुंग म्हणालो. कार्ड चुकलं होतं. कार्ड नाही, मी. मी चुकलो. विल्फ टॅटर्सल बरोबर होता, त्यानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मी ऐकलं नाही. तो कप हिल्डाचा होता. तिला मिळाला नाही तो माझ्यामुळे." त्यानं माइक टेबलावर ठेवायचा प्रयत्न केला, तो आडवा पडून घरंगळला आणि त्यातून कर्कश आवाज आला. "हे मला एप्रिलपासून माहीत आहे. तेही सांगून टाकतो."

सगळे विल्फकडे बघत होते. मी मात्र त्याच्या कागदाकडे बघत होते. चौथ्या आकड्यापुढे, जहाजावरच्या खोक्यांवर लिहितात तसल्या मोठ्या अक्षरांत, त्यानं लिहिलं होतं, निवडुंग.

मी दोनदा वाचलं. पेन हातात तसंच राहिलं.

"डोरीन," विल्फ म्हणाला, "माझ्या कागदावर काय आहे ते वाच."

"राहू दे ना आता."

"वाच."

"निवडुंग," मी वाचलं.

कोपऱ्यात कुणीतरी हसायला लागलं आणि लगेच थांबलं. विल्फ स्टुलावर वळला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यानं क्लिफर्डकडे नीट बघितलं.

"त्या दिवशी हिल्डा माझ्या कानात म्हणाली, निवडुंग लिही. क्लिफर्डच्या कार्डावर निवडुंगच असणार. मी म्हटलं, अगं मी शेतं पाहिलीत. ती म्हणाली, तू मेक्सिको पाहिलंस, मी क्लिफर्डला पाहिलंय." त्यानं समोरची पेन्सिल उचलली. "मी तिच्या हातातून पेन्सिल ओढून घेतली. तिचं ऐकलं असतं तर कप घेऊन घरी गेली असती ती. तू नाही घालवलास तो, क्लिफर्ड. मी घालवला, माझ्या शहाणपणानं. तुझं तोंड दिसलं की मला ती पेन्सिल आठवायची, म्हणून येत नव्हतो. आज म्हटलं, जायच्या आधी एकदा तिचं ऐकावं."

क्लिफर्ड टेबलांमधून वाट काढत आला. पाय ओढत, हळू. विल्फच्या शेजारचं स्टूल त्यानं बाहेर काढलं आणि त्यावर बसला. मी सांगते ना, बसला.

"हा गुण मी देतो तुला," तो म्हणाला. "खास बाब म्हणून."

"कार्डावर काय लिहिलंय?"

"घायपात."

"मग फुली मार, डोरीन."

मी फुली मारली. माझे डोळे इतके भरले होते की ती तिसऱ्या प्रश्नावरच पडली, आणि तो तर बरोबर होता. विल्फनं माझ्या हातातून पेन घेऊन ती खोडली आणि खाली चौथ्यावर स्वतः फुली काढली.

"काही हरकत असेल तर सांग," क्लिफर्ड त्याला हळूच म्हणाला. "पुढच्या फेरीचा पहिला प्रश्न वाचायच्या आत."

 विल्फनं बिअरचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. फ्रँकनं माझी खूण न बघताच फोटो काढून आणला आणि दोघांच्या मध्ये काउंटरवर ठेवला. मी मीट-पाय वाढले, लोकांनी खाल्ले, बशा परत आल्या. सिनेमाच्या फेरीची कार्डं माइकशेजारी तशीच पडून होती. कुणी मागितली नाहीत, आणि क्लिफर्ड ती आणायला उठला नाही.